मांजराचा खेळ की संगणकाचे शिक्षण?

गेल्या वर्षीच्या पालक मेळाव्यातील एक प्रसंग आरंभीच सांगतो. सातवीच्या मुलामुलींनी तयार केलेल्या आज्ञावल्या पालकांना दाखवाव्यात म्हणून विद्यालयाचा संगणक कक्ष त्या दिवशी खुला ठेवला होता. पडद्यावर केशरी रंगाचे एक मांजर चालत होते, वळत होते, मागे रंगीत रेषा सोडीत होते. मुले उत्साहाने आपापल्या आईवडिलांना ते दाखवीत होती. एका मुलाचे वडील, व्यवसायाने गवंडी, बराच वेळ हे सारे पाहत उभे होते. अखेर त्यांनी मला बाजूला घेतले आणि संकोचाने विचारले, ‘‘सर, पोराला इथं वसतिगृहात ठेवलंय ते शिकण्यासाठी. हा मांजराचा खेळ म्हणजे कॉम्प्युटरचं शिक्षण का?’’

त्या प्रश्नात उपहास नव्हता, काळजी होती. लेकराला घरापासून दूर ठेवून शिकविणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. पण ते माझे मलाच अपुरे वाटले. पुढे काही दिवसांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून आला. सॉफ्टवेअर क्षेत्रात स्थिरावलेल्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने मला सुनावले, ‘‘दादा, मुलांचा वेळ ठोकळे जोडण्यात का घालवता? थेट पायथन शिकवा. जगात ठोकळ्यांनी कोणी सॉफ्टवेअर लिहीत नाही.’’ एकाला ते शिक्षण वाटत नाही, दुसऱ्याला ते खरे संगणकशास्त्र वाटत नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा या दोघांनाही एकत्र उत्तर द्यावे असे मनात आले. गेली काही वर्षे रविवारी विद्यालयात येऊन संगणक शिकविताना जे पाहिले आणि या विषयावर जे वाचले, त्याच्या आधारे माझे मत मी येथे मांडीत आहे.

ते मत थोडक्यात असे : ठोकळ्यांच्या साहाय्याने आज्ञावली रचण्याची पद्धत आपल्या मुलांसाठी उत्तम आरंभ आहे, आणि तो आरंभ टाळून थेट लिखित भाषेकडे नेणे अन्यायाचे आहे. परंतु आरंभ करून तेथेच थांबणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय या मताचे मूळ कळणार नाही. मी याच विद्यालयातून दहावी झालो. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेला आणि त्याच्यापुढे टर्बो सी चा निळा पडदा उभा राहिला. दोन संख्यांची बेरीज करण्याची आज्ञावली मी फळ्यावरून अक्षरन्‌अक्षर उतरवून घेतली. तरीही यंत्राने ती नाकारली. एक अर्धविराम राहिला होता. तो राहिला होता एका ओळीत आणि यंत्राची तक्रार होती पुढच्या ओळीवर. तक्रारही इंग्रजीत. शेजारचा मुलगा हसला. त्या दिवसापासून मी आज्ञावल्या समजून घेण्याचे सोडले आणि त्या पाठ करू लागलो. प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याच्या वहीवरून पूर्ण केली, परीक्षेत पाठ केलेले लिहिले आणि उत्तीर्णही झालो. संगणकाला आपण काही सांगू शकतो, हा विचार माझ्या डोक्यात त्यानंतर दोन वर्षांनी आला. मधली दोन वर्षे मी स्वतःला मंदबुद्धी समजत होतो. प्रत्यक्षात मला अडविले होते ते विरामचिन्हांनी आणि परक्या भाषेने. विचार करण्याची वेळ माझ्यावर आलीच नव्हती.

ही अडचण केवळ माझी नव्हती, हे फार उशिरा कळले. मुलांना संगणकाची भाषा कशी शिकवावी याचा विचार जगात अनेक दशके चालू आहे. 1967 साली अमेरिकेत वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सोलोमन आणि सेमूर पॅपर्ट यांनी लोगो ही खास मुलांसाठीची भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. विद्यार्थिदशेत तेथील वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत ते सक्रिय होते. पुढे जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्यासोबत त्यांनी काम केले. संगणकाने मुलाला धडे द्यावेत, ही त्या काळची प्रचलित कल्पना त्यांनी उलटी केली. मुलाने संगणकाला शिकवावे आणि ते करता करता स्वतःच्या विचारांकडे पाहायला शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर मांडले. लोगोमध्ये एक कासव असे. त्याला पुढे जा, वळ अशा आज्ञा द्यायच्या आणि ते मागे रेषा काढीत जाई. मात्र या आज्ञा टंकलिखित कराव्या लागत, म्हणजे एका अक्षराची चूक झाली की कासव जागचे हलत नसे.

हा शेवटचा अडसर दूर करण्याचा प्रयत्न पॅपर्ट यांच्याच परंपरेतील मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एमआयटी या संस्थेतील त्यांच्या गटाने 2007 साली स्क्रॅच ही भाषा सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. आपल्या मुलांचे केशरी मांजर ते हेच. यात आज्ञा लिहायची नसते. प्रत्येक आज्ञा हा एक रंगीत ठोकळा असतो. तो उचलून दुसऱ्याला जोडायचा असतो. ठोकळ्यांचे आकार विचारपूर्वक ठरविलेले आहेत. आरंभाच्या आज्ञेला टोपीसारखी गोल पाठ असते, म्हणून तिच्या वर काही जोडताच येत नाही. पुनरावृत्तीच्या ठोकळ्याला कंसासारखे उघडे तोंड असते; पुन्हा पुन्हा करायच्या आज्ञा त्या तोंडात बसतात. जेथे अट हवी तेथे षटकोनी खाच असते आणि तिच्यात षटकोनी ठोकळाच बसतो. अटीच्या खाचेत संख्या बसत नाही. अर्धविराम विसरण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण अर्धविरामच नसतो.

याचा अर्थ चूक होतच नाही असा मात्र नव्हे. व्याकरणाची चूक करता येत नाही, विचाराची चूक करता येते. माझ्या मते या पद्धतीचे सारे मोल या एका फरकात आहे. एक उदाहरण देतो.

मांजराकडून चौरस काढून घेणे मुलांना पहिल्याच तासाला जमते. शंभर पावले चाल, नव्वद अंशांत वळ, हे चार वेळा कर. मग मी त्यांना समभुज त्रिकोण काढायला सांगतो. त्रिकोणाचे कोन प्रत्येकी 60 अंशांचे असतात हे त्यांना पाठ असते. म्हणून ती चाराच्या जागी तीन आणि नव्वदच्या जागी साठ लिहितात आणि हिरवा झेंडा दाबतात. त्रिकोण होत नाही. तीन रेषांची, तोंड उघडी असलेली वाटीसारखी एक आकृती उमटते. वर्गात शांतता पसरते. कोणी आकडे बदलून पाहतो, कोणी माझ्या तोंडाकडे पाहतो. मी काहीच सांगत नाही. एकदा एक मुलगी जागची उठली आणि फरशीच्या रेघांवरून स्वतःच मांजर होऊन चालू लागली. एका कोपऱ्याशी आल्यावर ती थांबली, मान वळवली, पाय वळवले आणि म्हणाली, ‘‘सर, मला आतल्या कोनाएवढं नाही वळायचं. बाहेरचं जेवढं उरतं तेवढं वळायचंय!’’ 180 मधून 60 वजा करून तिने 120 लिहिले आणि त्रिकोण पूर्ण झाला. पुढे पाच बाजूंची, सहा बाजूंची आकृती काढताना सर्वांच्याच लक्षात आले, की मांजर पूर्ण फेरी मारून मूळ दिशेला येते तेव्हा ते एकूण 360 अंश वळलेले असते. म्हणून 360 ला बाजूंच्या संख्येने भागले की वळण्याचा कोन मिळतो. बाह्यकोनाचा हा नियम पुस्तकातही आहे. परंतु त्या दिवशी तो त्या मुलीने शोधून काढला होता.

आता विचार करावा, की याच मुलीला पहिल्या दिवशी लिखित भाषा दिली असती तर काय झाले असते? तिचा सारा तास कंस आणि स्वल्पविराम जुळविण्यात गेला असता. तिची चूक तिला दिसण्यापूर्वीच यंत्राने तिला अडविले असते. 60 की 120, हा खरा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नसता.

येथे भाषेचा मुद्दाही येतो, आणि आपल्यासारख्या विद्यालयात तो दुय्यम नाही. स्क्रॅचमधील ठोकळ्यांवरचे शब्द हिंदीसह जगातील अनेक भाषांत दिसू शकतात. भाषा बदलली तरी मुलाने रचलेली आज्ञावली तीच राहते, कारण अर्थ शब्दापेक्षा ठोकळ्याच्या रचनेत असतो. ज्या मुलाच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याला तर्कशास्त्र आणि परकी भाषा ही दोन्ही ओझी एकाच दिवशी उचलायला लावणे योग्य नाही. एक आधी, दुसरे नंतर, एवढीच मागणी आहे. इंग्रजी टाळण्याचा सल्ला मी देत नाही, तो आपल्या मुलांचा घात करणारा ठरेल. मी फक्त क्रमाविषयी बोलतो आहे.

माझ्यासारख्याच्या रविवारच्या निरीक्षणावर कोणी विसंबू नये, म्हणून अभ्यासकांना काय आढळले तेही पाहू. डेव्हिड वाइनट्रॉप आणि युरी विलेन्स्की यांनी अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत तुलना केली. एका वर्गाला पाच आठवडे ठोकळ्यांतून शिकविले, दुसऱ्याला तेच पाठ लिखित स्वरूपात शिकविले. पाच आठवड्यांनंतर ठोकळ्यांच्या वर्गाची प्रगती अधिक होती आणि पुढेही संगणक शिकण्याची त्यांची इच्छा अधिक होती. लिखित वर्गाला मात्र आपण करतो ते खऱ्या व्यावसायिकांच्या कामाशी अधिक मिळतेजुळते आहे असे वाटत होते. त्यानंतर दोन्ही वर्ग जावा ही लिखित भाषा शिकू लागले. दहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा दोघांत फरक उरला नव्हता. इस्राएलमध्ये मिखाल अर्मोनी, ओर्नी मीरबाउम-सालांत आणि मोर्देखाय बेन-आरी यांनी आधी स्क्रॅच शिकलेल्या मुलांचा पुढील वर्गातील लिखित भाषेचा अभ्यास पाहिला. त्या मुलांना नव्या संकल्पना समजायला कमी वेळ लागला, अडचणी कमी आल्या, उत्साह अधिक दिसला. परंतु वर्षाअखेरीच्या परीक्षेत बहुतेक विषयांत ती इतरांच्या बरोबरीनेच होती. पुनरावृत्तीची संकल्पना तेवढी त्यांना अधिक चांगली समजली होती.

या निष्कर्षांतून काहीजण असा अर्थ काढतील, की शेवटी फरक पडत नसेल तर एवढा खटाटोप कशाला? मी उलट अर्थ काढतो. एक तर, ठोकळ्यांनी नुकसान होते, सवयी बिघडतात, ही जी भीती माझ्या सॉफ्टवेअरमधील मित्राला वाटते, ती या परीक्षांत खरी ठरलेली नाही. दुसरे असे, की वर्षाअखेरीची परीक्षा देतात ती टिकून राहिलेली मुले. माझ्यासारखी पहिल्या आठवड्यातच मनाने बाहेर पडलेली मुले उत्तीर्ण होतात, पण शिकत नाहीत. सुरुवातीची गोडी आणि आत्मविश्वास यांचे मोल सुखवस्तू घरातील मुलाला कदाचित कमी असेल. त्याला घरी दुसरी संधी मिळते, शिकवणी मिळते. आपल्या वसतिगृहातील मुलाला आठवड्यातले संगणकाचे दोनच तास मिळतात. त्यातला पहिला महिना अपमानात गेला तर ते दार त्याच्यासाठी कायमचे बंद होते. मात्र हे अभ्यास दुसऱ्या देशांतील, दुसऱ्या परिस्थितीतील आहेत. म्हणून आपल्या मुलांचे काय होते, हे आपणच वर्षानुवर्षे नीट नोंदवून पाहिले पाहिजे.

‘हे खरे संगणकशास्त्र नव्हे’ या आक्षेपाचाही विचार करू. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस 50 या सुप्रसिद्ध प्रारंभिक अभ्यासक्रमात प्रौढ विद्यार्थ्यांनाही पहिल्या आठवड्यात स्क्रॅचच दिले जाते. मग लगेच सी भाषा येते. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला जे कमीपणाचे वाटत नाही, ते आपल्या सातवीच्या मुलाला का वाटावे? आणि चित्रमय भाषा फक्त मुलांसाठीच असतात, हेही खरे नाही. आपले जे माजी विद्यार्थी आयटीआय करून चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत यंत्रांची देखभाल करतात, त्यांना विचारा. तेथील यंत्रे पीएलसी नावाच्या नियंत्रकावर चालतात आणि त्याची आज्ञावली अनेकदा लॅडर पद्धतीने, म्हणजे शिडीच्या आकृतीने रचलेली असते. दोन उभ्या रेषा, मधे आडव्या पायऱ्या, पायरीवर डावीकडे अटी आणि उजवीकडे कृती. ती जुन्या रिले-मंडलांच्या आराखड्यावरूनच आली, कारण तो आराखडा वाचता येणाऱ्या विद्युत तंत्रज्ञाला नवी लिखित भाषा न शिकता यंत्राला आज्ञा देता यावी. पीएलसीच्या भाषांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही शिडीच्या या भाषेला स्थान आहे. जगात ठोकळ्यांनी वा आकृत्यांनी कोणी काम करीत नाही, हे म्हणणे कारखान्याच्या दारापाशीच खोटे ठरते.

येथपर्यंत ठोकळ्यांची बाजू घेतली. आता त्यांच्या उणिवा तितक्याच स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण त्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

पहिली उणीव अशी, की समोर सर्व ठोकळे मांडलेले असल्याने मूल आठवत नाही, निवडते. निवडता येणे म्हणजे रचता येणे नव्हे. काही मुले ठोकळे ओढतात, चिकटवतात, झेंडा दाबतात, काय होते ते पाहतात आणि पुन्हा ओढतात. विचार करून रचण्याऐवजी ओढून पाहण्याची ही सवय वर उल्लेखिलेल्या इस्राएली अभ्यासकांनाही 2011 साली आढळली होती. शिवाय मुले एकाच कामाचे अनावश्यक बारीक तुकडे करतात, असेही त्यांनी नोंदविले होते. दुसरी उणीव ‘चल’ या संकल्पनेची. खेळातील गुण मोजण्यासाठी मुले चल सहज वापरतात आणि आपल्याला ते समजले असे आपण मानतो. परंतु खेळ दुसऱ्यांदा सुरू केला की मागचेच गुण दिसतात, आणि असे का होते हे अनेकांना सांगता येत नाही. आरंभी चलाला शून्य करावे लागते हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. रंगीत पडद्याने ते झाकलेले असते. तिसरी उणीव आकाराची. दहा ठोकळ्यांची आज्ञावली सुंदर दिसते. दोनशे ठोकळ्यांची झाली की पडद्यावर जंगल माजते आणि स्वतः रचलेलेही वाचता येत नाही. चौथी आणि सर्वांत गंभीर उणीव आपली, मोठ्या माणसांची आहे. मांजर नाचले की पालक टाळ्या वाजवितात, छायाचित्रे निघतात, अहवालात ओळ येते आणि आपण समाधान मानतो. दिसायला शोभिवंत असलेली गोष्ट शिकविण्याचा आभास फार लवकर निर्माण करते. काही खासगी वर्गांनी हाच आभास भरमसाट शुल्क घेऊन विकला, हे अलीकडे आपण पाहिलेच आहे.

म्हणून ‘ठोकळे परिणामकारक आहेत का?’ या प्रश्नाला नुसते होय किंवा नाही असे उत्तर नाही. ते कोणाच्या हातात, किती दिवस आणि कशासाठी दिले, यावर परिणाम अवलंबून असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यापासून, म्हणजे साधारण सहावीपासून, आज्ञावली लेखनाशी संबंधित उपक्रमांचा उल्लेख केला आहे. उद्या हा विषय सर्वत्र येईल. त्याची वाट न पाहता आपण आपला क्रम ठरवावा, असे मला वाटते.

माझी सूचना अशी. सहावी आणि सातवीत ठोकळे असावेत, परंतु एका नियमाने : हिरवा झेंडा दाबण्यापूर्वी काय घडेल ते वहीत लिहायचे. अंदाज चुकला तर लाज नाही. अंदाजच लिहिला नाही तर मात्र झेंडा दाबायचा नाही. या एका नियमाने ओढून पाहण्याची सवय बऱ्याच अंशी मोडते, असा माझा अनुभव आहे. एका संगणकावर दोघे बसतात, हे आपल्या परिस्थितीमुळे अपरिहार्य आहे. तेही उपकारक ठरू शकते. एकाने माऊस धरावा, दुसऱ्याने सांगावे आणि पंधरा मिनिटांनी जागा बदलाव्यात. जागा बदलण्याची घंटा शिक्षकांनीच वाजवावी. मुलगा-मुलगी एकत्र बसले की मुलगा माऊस सोडत नाही आणि मुलगी वहीत शीर्षके लिहीत बसते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की यात संकोच न करता नियम करावा लागतो.

आठवीत तीच आज्ञावली दोन रूपांत यावी. पायथन या लिखित भाषेतही रेषा काढणारे कासव आहे; लोगोच्या कासवाचाच तो वारसा. ठोकळ्यांत काढलेला त्रिकोण मुलाने तेथे लिहून काढावा. डावीकडे ठोकळे, उजवीकडे ओळी. सुरुवातीला पंधरा-वीस इंग्रजी शब्द पुरतात आणि त्यांचा अर्थ मुलाला ठोकळ्यांमुळे आधीच माहीत असतो. यंत्र ज्या इंग्रजी तक्रारी करते, त्यांचा मराठी अर्थासह एक मोठा तक्ता कक्षाच्या भिंतीवर लावावा. चूक ही वाचण्याची गोष्ट आहे, हे मला कोणी अठराव्या वर्षापर्यंत सांगितले नाही. आपल्या मुलांना ते तेराव्या वर्षी कळावे. नववीत ठोकळे बंद करावेत. मुले कुरकुर करतील. तरीही बंद करावेत.

यासाठी लागणारी सर्वांत मोठी गोष्ट संगणक नव्हे. स्क्रॅच विनामूल्य आहे, इंटरनेटशिवायही चालते. लागतो तो त्रिकोण चुकला तरी उत्तर न सांगण्याइतका धीर असलेला शिक्षक. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की जुने संगणक पाठविण्याइतकेच, किंबहुना अधिक, आपले रविवार पाठवा. एका दिवसाच्या भाषणाने काही होत नाही; निदान एक सत्र तरी सलग या. आणि आल्यावर मुलाच्या हातातला माऊस घेऊ नका.

शेवटी त्या गवंडी पालकांकडे येतो. यंदा दिवाळीच्या सुटीत मुलाला न्यायला ते आले, तेव्हा मी त्यांना पुन्हा कक्षात नेले. मुलाने आता आठवीत पायथनमध्ये काढलेला चौरस दाखविला आणि शेजारी गेल्या वर्षीचे ठोकळे. वडिलांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिले. कामावर गुण्या लावून काटकोन तपासणाऱ्या माणसाला नव्वदचा आकडा अनोळखी नव्हता; त्यांनी तो दोन्हीकडे बोटाने दाखविला. मग मला म्हणाले, ‘‘सर, हे ठोकळे म्हणजे आमचं सेंट्रिंग. स्लॅब टाकायचा तर खाली सेंट्रिंग लागतंच. पण ते कधी काढायचं ते ठरवावं लागतं. लवकर काढलं तर स्लॅब खाली येतो. आणि काढलंच नाही, तर त्या घरात राहायचं कसं?’’

गेल्या वर्षी मला जे उत्तर देता आले नव्हते, ते त्यांनीच दिले. आपल्या विद्यालयाने आधार उभा करण्याचे काम उत्तम केले आहे. तो योग्य वेळी काढण्याचे धैर्यही आपण दाखवावे आणि त्या घरात राहायला आपली मुले मोकळी व्हावीत, हीच या निमित्ताने मंगलकामना.